वादळ का होत नाही? चक्रीवादळांच्या अभ्यासाची प्रस्तावना

चक्रीवादळ कसे होते, हा प्रश्न घेऊन जो या विषयाकडे येतो त्याला माझी पहिली विनंती अशी की त्याने तो प्रश्न उलटा करून पाहावा. वादळ बहुतेक वेळा का होत नाही? मे महिन्यात अरबी समुद्राचे पाणी ३० अंशांच्या घरात असते. हवेत बाष्पाला तोटा नसतो. लक्षद्वीपपासून विषुववृत्तापर्यंत ढगांचे पुंजके रोज उठतात आणि रोज विरतात. त्यांतला एखादाच गोल फिरू लागतो आणि फिरणाऱ्यांतला एखादाच वादळाला पोहोचतो. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र मिळून वर्षाला सरासरी पाचच्या आसपास चक्रीवादळे होतात, साऱ्या जगात ऐंशी-नव्वद. उष्ण समुद्राचा पसारा डोळ्यांपुढे आणला तर हा आकडा फार लहान आहे. या शास्त्रातले उत्तम काम याच आश्चर्यातून निघाले आहे, आणि नव्या वाचकाने याच दाराने आत यावे असे मला मनापासून वाटते.

मी हे मच्छे येथे बसून लिहितो आहे. बेळगावहून खानापूरकडे जाताना लागणारे हे गाव. एका अंगाला औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला भाताची शेते, आणि गावाला लागूनच विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे आवार. समुद्रसपाटीपासून आपण साडेसातशे मीटरांच्या आसपास आहोत. समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आतच आहे, पण मध्ये सह्याद्री उभा असल्याने तो आपला वाटत नाही. वादळ म्हणजे वेंगुर्ले-मालवणच्या मच्छीमारांचे दुखणे, अशी आपल्याकडची समजूत. पण ज्याचे ऑक्टोबरअखेर कापून पसरलेले इंद्रायणी किंवा इंटाण भात अवेळी पावसात शेतातच भिजले, वळी घालायलाही ज्याला उसंत मिळाली नाही, त्याने त्या आठवड्याचा समुद्राचा नकाशा काढून पाहावा. पुष्कळदा कोकण किनाऱ्यासमोर कुठेतरी एक भोवरा सापडेल. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये ‘क्यार’ असेच रत्नागिरीच्या पश्चिमेला तयार झाले, किनाऱ्याला न शिवता ओमानच्या दिशेने निघून गेले आणि २७ ऑक्टोबरला महाचक्रीवादळ बनले. जाण्यापूर्वी सिंधुदुर्ग आणि गोव्यातले कापणीला आलेले भात मात्र त्याने भिजवले.

आता मूळ मुद्द्याकडे. वादळाची पहिली अट समुद्राची आहे. फिनलंडचे हवामानशास्त्रज्ञ एरिक पामेन यांनी १९४८ मध्ये दाखवून दिले की अशी वादळे २६-२७ अंशांहून ऊन पाण्यावरच जन्मतात. पुढे विल्यम ग्रे यांनी १९६८ मध्ये जगभरच्या वादळांच्या जन्मस्थळांचा नकाशा मांडून बाकीच्या अटी जुळवल्या. तेव्हापासून पाठ्यपुस्तकांत २६.५ अंश हा आकडा स्थिरावला. पाणी नुसते वरवर ऊन असून भागत नाही, निदान पन्नास-साठ मीटर खोलीपर्यंत ऊब हवी. वादळाचा वारा समुद्र घुसळून काढतो; खालचे पाणी गार असेल तर ते वर येते आणि वादळ स्वतःच स्वतःची चूल विझवते.

या ठिकाणी सुलोचना गाडगीळ यांचे नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. पुण्यात जन्मलेल्या, हार्वर्डहून डॉक्टरेट घेऊन परतलेल्या आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत कित्येक दशके काम केलेल्या या विदुषीने पी. व्ही. जोसेफ आणि एन. व्ही. जोशी यांच्यासह १९८४ मध्ये ‘नेचर’मध्ये एक छोटा निबंध लिहिला. हिंदी महासागरावरचे ढग आणि पाण्याचे तापमान त्यांनी शेजारी शेजारी मांडून पाहिले. पाणी २८ अंशांच्या खाली असेल तर ढगांचे मोठे संघटित समूह क्वचितच दिसतात. २८ च्या वर मात्र ते भरपूरही असू शकतात आणि मुळीच नसूही शकतात. म्हणजे ऊन पाणी ही परवानगी झाली, त्यातून कार्य घडेलच याची हमी मिळत नाही. वर जो उलटा प्रश्न मांडला त्याचे इतके नेमके रूप मला दुसरीकडे सापडलेले नाही.

ऊन पाणी काय पुरवते? बाष्प. आणि बाष्प म्हणजे साठवलेली उष्णता. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता लागते. ती समुद्राकडून घेतली जाते, बाष्पात लपून वर जाते आणि उंचावर गार हवेत त्या बाष्पाचे थेंब झाले की मोकळी होते. हिशेब आपल्या ओळखीच्या मापात करू. एका गुंठ्यावर एक इंच पाऊस म्हणजे अडीच हजार लिटरांहून थोडे अधिक पाणी. ते पाणी ढगात बनताना जी उष्णता सुटली ती हेस्कॉमच्या वीजबिलावरच्या भाषेत साधारण १७८० युनिट. महिन्याला शंभर युनिट जाळणाऱ्या घराला ती दीड वर्ष पुरेल. हे एका गुंठ्याचे, एका इंचाचे. वादळाखाली शेकडो किलोमीटरच्या घेरात दिवसाला चार-चार, आठ-आठ इंच पाऊस पडत असतो. यातली बहुतेक उष्णता हवेला वर चढवण्यात आणि शेवटी अवकाशात निसटून जाण्यात संपते. वाऱ्याच्या वाट्याला येणारा हिस्सा लहान असतो, पण एवढ्या ढिगातला लहान हिस्सासुद्धा घरांवरची कौले उडवायला पुरून उरतो.

उष्णता मिळाली म्हणजे ढग होतात. वळवाचे ढग आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी चारला उठतात, तासभर गर्जतात, गारा टाकतात आणि संध्याकाळी आकाश निवळते. समुद्रावरचा पुंजकाही असाच विझायला हवा. तो विझू नये यासाठी दुसरी गोष्ट लागते ती फिरकी, आणि ही फिरकी पृथ्वीकडून येते. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याने कमी दाबाकडे धावणारी हवा सरळ आत न जाता उत्तर गोलार्धात उजवीकडे कलते आणि केंद्राभोवती घड्याळाच्या उलट दिशेने फिरू लागते. याला कोरिऑलिसचा परिणाम म्हणतात, हे शाळेत सर्वांनी वाचलेले असते. त्याचा आकडा मात्र सहसा कोणी काढून पाहत नाही. तो पाहण्यासारखा आहे.

समजा केंद्रापासून ३०० किलोमीटरवर हवा अगदी स्तब्ध आहे. ३०० किलोमीटर म्हणजे सरळ रेषेत साधारण बेळगाव ते पुणे. ही हवा केंद्राकडे ओढली जाऊन ३० किलोमीटरवर आली, म्हणजे खानापूरच्या थोडी पुढे जाईल इतक्या अंतरावर. वाटेत काहीच घर्षण नाही असे धरले तर वेंगुर्ल्याच्या अक्षांशावर तिचा फिरण्याचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर निघतो. सुरुवातीला वारा शून्य होता! तो वेग पृथ्वीच्या फिरण्यातच दडलेला होता. हवा आत गोळा झाल्याबरोबर तो उघड झाला. प्रत्यक्षात समुद्राचे घर्षण यातला मोठा भाग खाते. विषुववृत्तावर हाच हिशेब केला तर उत्तर शून्य येते, आणि म्हणूनच विषुववृत्तापासून पाच अंशांच्या आत चक्रीवादळ जवळजवळ होत नाही. ‘जवळजवळ’ म्हणायचे कारण सिंगापूरजवळ डिसेंबर २००१ मध्ये अवघ्या दीड अंशावर ‘वामेई’ झाले होते. निसर्गाचे नियम मोडले जात नाहीत, मात्र आपण त्यांचे जे सोपे आकडे करून घेतो ते अधूनमधून मोडतात.

ऊन पाणी, बाष्प आणि फिरकी, तिन्ही हाताशी असताना जुलै-ऑगस्टमध्ये अरबी समुद्रात वादळांची रांग का लागत नाही? बाष्प तर तेव्हाच सर्वाधिक असते. या प्रश्नावर मी जरा थांबणार आहे, कारण त्याचे उत्तर अक्षरशः आपल्या डोक्यावरून वाहते.

पी. व्ही. जोसेफ आणि पी. एल. रामन यांनी १९६६ मध्ये दाखवले की जुलैत भारतीय द्वीपकल्पावरून, समुद्रसपाटीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून एक जोरदार वाऱ्याचा झोत वाहतो. मच्छेच्या छपरापासून मोजले तर हा झोत सात-आठशे मीटरांवर आहे. आपल्या भाताला पाणी देणारा हाच वारा. त्याच्याही कितीतरी वर, चौदा-सोळा किलोमीटरांवर, याच दिवसांत नेमक्या उलट दिशेने, पूर्वेकडून पश्चिमेकडे, दुसरा वेगवान झोत वाहत असतो. त्याची ओळख पी. कोटेश्वरम् यांनी १९५८ मध्ये जगाला करून दिली. खाली पश्चिमेचा वारा, वर पूर्वेचा. या दोन झोतांच्या मध्ये ढगांचा मनोरा उभा राहू पाहतो तेव्हा त्याचे डोके एकीकडे ओढले जाते आणि पाय दुसरीकडे. सुटलेली उष्णता एका जागी, केंद्राच्या माथ्यावर, साठतच नाही. ती पसरून वाया जाते. उंचीनुसार वाऱ्यात होणाऱ्या या फरकाला अभ्यासक विंड शिअर म्हणतात. तो मोठा असला की वादळ मूळच धरत नाही. भरीला मान्सूनचा वारा समुद्र घुसळतो, सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यांशी खालचे गार पाणी वर आणतो, आणि अरबी समुद्राचे तापमान उतरते.

म्हणजे ज्या मान्सूनने आपले पोट भरते तोच चार महिने आपल्या किनाऱ्यावर वादळ होऊ देत नाही. तो येण्याआधी आणि गेल्यानंतर ही राखण उठते. म्हणून आपल्याकडे वादळांचे हंगाम दोन: एप्रिल ते जूनचा आरंभ, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. पहिला आपल्या धूळवाफ पेरणीचा काळ आणि दुसरा सुगीचा. शेतीचे वेळापत्रक पावसाच्या दोन टोकांना बांधलेले आहे आणि वादळेही तिथेच उगवतात. हे लक्षात आल्यापासून मला चक्रीवादळ हा किनाऱ्याचा विषय वाटेनासा झाला.

हंगामांच्या सीमेवर काय होते याचा अलीकडचा दाखला म्हणजे ‘बिपरजॉय’. २०२३ च्या जूनमध्ये मान्सून ८ तारखेला केरळात आला, ११ तारखेला कोकणात पोहोचला आणि तिथेच अडला. समुद्रात बिपरजॉय जवळजवळ दोन आठवडे रेंगाळत होते. किनाऱ्यावर यायचे बाष्प त्याने आपल्याकडे ओढून धरले. १५ जूनला ते गुजरातेत जखाऊजवळ जमिनीवर आले, आणि मान्सून मुंबईला पोहोचायला २५ जून उजाडला. वादळ आपल्याकडे आले नाही तरी आपला पाऊस नेऊ शकते.

वादळ जन्मले, आता ते बळावते कसे? इथे या शास्त्रातला एक मोठा वाद येतो आणि नव्या वाचकाने तो टाळू नये. जूल चार्नी आणि आर्न्ट एलियासेन यांनी १९६४ मध्ये मांडले की लहान ढग आणि मोठा भोवरा एकमेकांना पोसतात: भोवरा ओली हवा आत खेचतो, ढग उष्णता सोडतात, दाब आणखी उतरतो, भोवरा आणखी खेचतो. ही कल्पना सुंदर आहे, पण तिच्यात समुद्राचे काम जवळजवळ पार्श्वभूमीचेच राहते. १९८६ मध्ये केरी इमॅन्युएल यांनी जोर समुद्रावर दिला. वारा वाढला की पाण्याचे बाष्पीभवन वाढते, बाष्पीभवन वाढले की केंद्राला मिळणारी उष्णता वाढते, आणि उष्णता वाढली की वारा वाढतो. वातावरणात आधीच साठलेली ऊर्जा वादळाला थोडाच वेळ पुरते. खरे इंधन क्षणोक्षणी समुद्रातून वर येत असते. इमॅन्युएल यांनी वादळाकडे उष्णतेचे इंजिन म्हणून पाहिले. ते सुमारे ३० अंशांच्या पाण्यातून उष्णता घेते आणि उणे ७० अंशांच्या उंच हवेत टाकते. या दोन तापमानांवरून आदर्श इंजिनाची कार्यक्षमता काढली तर ती एक तृतीयांशाच्या आसपास येते. माझे मत विचाराल तर दुसरा विचार आपल्या समुद्रांना अधिक लागू पडतो, कारण जमिनीवर येताच वादळ ज्या वेगाने ढासळते त्याचा अर्थ त्यातूनच नीट लागतो.

मग ते वाढतच का जात नाही? इंधनाची आवक साधारण वाऱ्याच्या वेगाच्या प्रमाणात वाढते, पण घर्षणाचा खर्च वेगाच्या घनाच्या प्रमाणात. वेग दुप्पट झाला तर आवक दुप्पट आणि खर्च आठपट. कुठेतरी आवक आणि खर्च बरोबर होतात. तिथे त्या दिवसाची, त्या पाण्याची कमाल मर्यादा येते.

आता हे सगळे एका ओळखीच्या वादळात पाहू. २०२१ च्या मे महिन्यात लक्षद्वीपच्या परिसरात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले. पाणी ३० ते ३१ अंश. मान्सून अजून यायचा असल्याने खालच्या-वरच्या वाऱ्यांतले विंड शिअर फारसे नव्हते. १४ मे रोजी त्याचे डिप्रेशन (चक्रीवादळाच्या अलीकडची पायरी) झाले, आणि वारा ताशी ६२ किलोमीटर ओलांडताच त्याला नाव मिळाले: तौक्ते. १६ मे रोजी ते गोव्याच्या किनाऱ्याला जवळजवळ समांतर, पणजीपासून दीडशे किलोमीटरच्या आतून वर सरकत होते. १७ मेच्या पहाटेपर्यंत ते हवामान खात्याच्या मोजपट्टीत महाचक्रीवादळाच्या फक्त एक पायरी खाली पोहोचले: वारा ताशी १८५ किलोमीटरच्या आसपास, केंद्राचा दाब ९५० हेक्टोपास्कल.

हा ९५० आकडा नुसता वाचून सोडू नका. समुद्रसपाटीवर एरवी दाब हजाराच्या जरा वर असतो. हजारावरून ९५० वर येणे म्हणजे तिथल्या प्रत्येक चौरस मीटरच्या डोक्यावरची सुमारे ५१० किलो हवा नाहीशी होणे. अर्धा टन हवा गेली कुठे? वर पोहोचलेली हवा माथ्यावरून बाहेर फेकली जाते, आणि खालून जितकी आत येते त्यापेक्षा वरून जास्त जात असेल तोवर दाब उतरत राहतो. केंद्राच्या मधोमध थोडी हवा उलट खाली उतरते, उतरताना दबून तापते, आणि ढग विरतात. हाच वादळाचा डोळा. त्याच्या भोवती सर्वांत उंच ढगांची भिंत आणि सर्वांत क्रूर वारा. उंचावर डोळ्यातली हवा बाहेरच्या हवेपेक्षा दहा-दहा अंशांनीही उबदार असू शकते, आणि उबदार हवा हलकी असते. दाब एवढा खाली जातो तो त्यामुळे.

१७ मेच्या रात्री तौक्ते दीवजवळ सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर आदळले. त्याआधी मुंबईच्या पश्चिमेला तेलक्षेत्रात पी-३०५ ही बार्ज बुडून सत्तराहून अधिक कामगार गेले. इशारे होते, अंदाजही बरोबर होता. वादळाचे शास्त्र आणि ते ऐकणारा माणूस यांच्यातले अंतर हा या विषयाचाच भाग आहे, त्याला परिशिष्टात टाकू नये. ओडिशाने ते अंतर कमी करून दाखवले. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे मेली. १२ ऑक्टोबर २०१३ च्या ‘फायलिन’ वादळात मृतांची संख्या दोन आकडीच राहिली, कारण लाखो लोक आधीच हलवले गेले होते.

वादळाच्या मरणाबद्दल थोडक्यात. जमीन, गार पाणी, कोरडी हवा आणि विंड शिअर, यांतले एकही पुरते. ‘निसर्ग’ ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आले. श्रीवर्धन, मुरुड, दापोलीच्या नारळी-पोफळीच्या बागा त्याने झोपवल्या, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ते वादळ उरले नव्हते. पण वारा मेला म्हणून पाऊस मरत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये बंगालच्या उपसागरातले एक डिप्रेशन १३ तारखेला काकीनाड्याजवळ जमिनीवर आले. ते चक्रीवादळ कधी झालेच नाही, त्याला नावही मिळाले नाही. पण तेलंगण, कलबुर्गी, सोलापूर असे द्वीपकल्प आडवे कापत ते पश्चिमेला अरबी समुद्राकडे निघाले आणि वाटेत हैदराबादेपासून पंढरपूरपर्यंत पाणीच पाणी करून गेले. सीमाभागातल्या वाचकाने हे बिननावाचे डिप्रेशन तौक्तेइतकेच लक्षपूर्वक अभ्यासावे.

या शास्त्राच्या सुरुवातीच्या कामाचा मोठा भाग आपल्याच देशात झाला, याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. कलकत्त्याच्या सागरी न्यायालयाचे अध्यक्ष हेन्री पिडिंग्टन जहाजांच्या नोंदवह्या गोळा करून, कोणत्या तासाला कुठे वारा कोणत्या दिशेचा होता हे नकाशावर टिपत असत. एवढ्याच साधनांवर त्यांनी १८५३ मध्ये इशारा दिला की मातला नदीवर नियोजित असलेले कॅनिंग बंदर एक दिवस वादळाच्या लाटेत वाहून जाईल. बंदर बांधले गेले. १८६७ मध्ये वादळाने ते उद्ध्वस्त केले. १८६४ च्या कलकत्त्याच्या वादळानंतर आणि त्यापाठोपाठच्या दुष्काळांनंतर १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले, हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख. खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले आणि १९४४ पर्यंत तिथेच होते. शिवाजीनगरची ती इमारत आजही सिमला ऑफिस म्हणूनच ओळखली जाते. १९६२ पासून पुण्यात उष्णकटिबंधीय हवामानाची संशोधन संस्थाही आहे. मराठी विद्यार्थ्याला या विषयाचे पीठ इतके जवळ आहे.

त्याच संस्थेतल्या मेधा देशपांडे आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९८२ ते २००० आणि २००१ ते २०१९ या दोन कालखंडांची तुलना आहे. अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढलेली, बंगालच्या उपसागरातली ८ टक्क्यांनी घटलेली. एकट्या २०१९ मध्ये अरबी समुद्रात पाच चक्रीवादळे झाली, एरवी सरासरी वर्षाला एक. समुद्र तापतो आहे, आणि एका अंशाने तापलेली हवा सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते, हे पक्के. तरी वाचकाने टक्केवारीने बिचकू नये आणि वाहूनही जाऊ नये. मुळात वर्षाला एखाद-दुसरे वादळ होणाऱ्या समुद्रात दोन-चार वादळांनी टक्केवारी उसळते, आणि उपग्रहांचे विश्वासार्ह मोजमाप काही दशकांचेच आहे. संख्येपेक्षा, जी वादळे होतात ती किती झपाट्याने बळावतात, इकडे मी अधिक लक्ष देईन. चोवीस तासांत वारा ताशी ५५ किलोमीटरने वाढला तर त्याला झपाट्याची वाढ म्हणतात. मच्छीमार रात्री साध्या वाऱ्यात निजतो आणि सकाळी त्याच्यापुढे भलतेच वादळ उभे असते, ते अशा वाढीमुळे.

या विषयात शिरायला काय लागते? अकरावी-बारावीचे भौतिकशास्त्र, थोडे गणित आणि भरपूर चिकाटी. इन्सॅट उपग्रहाची चित्रे हवामान खात्याच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येतात. मे आणि ऑक्टोबर महिन्यांत रोज ठराविक वेळी ती उघडावीत, लक्षद्वीपच्या आसपासचा एखादा ढगांचा पुंजका निवडावा आणि वहीत लिहावे: आज तो आहे का, उद्या कुठे गेला, विरला असेल तर का विरला. पाणी गार होते? वरचा वारा आडवा आला? कोरडी हवा घुसली? दोन हंगाम ही वही चालवली की पुस्तकातली प्रकरणे वेगळ्याच सहजतेने वाचता येतात. विद्यापीठ गावाच्या उशाला असताना मच्छे, पिरनवाडी, खानापूरच्या मुलांनी हे करू नये असे काही कारण नाही.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. हवामान खात्याच्या विभागणीत बेळगाव जिल्हा ‘उत्तर अंतर्गत कर्नाटक’ या उपविभागात येतो, म्हणजे कलबुर्गी आणि बिदर यांच्या पंक्तीत. पण बेळगाव-खानापूरच्या घाटाकडच्या पट्ट्याचे हवामान कोकण-गोव्याशी नाते सांगते. म्हणून या दोन हंगामांत बंगळूरच्या अंदाजाबरोबर ‘कोकण आणि गोवा’ हा अंदाजही वाचत जा. वादळाच्या इशाऱ्याचे चार टप्पे असतात: ७२ तास आधीची पूर्वसूचना, ४८ तास आधीचा सावधानतेचा इशारा, २४ तास आधीचा धोक्याचा इशारा, आणि चौथा, वादळ किनारा ओलांडल्यावर आतल्या जिल्ह्यांत काय होईल याचा, किमान १२ तास आधी दिला जाणारा अंदाज. पहिले तीन बातम्यांत गाजतात. चौथा आपल्यासारख्या आतल्या लोकांसाठी काढलेला असतो. तो आवर्जून शोधा, वाचा, आणि शेतात भात कापून पडले असेल तर त्याच दिवशी वळी घाला.